चेन काढलेली गाडी

माझ्या नवऱ्याच्या आयुष्यात मोटरसायकली तीन आल्या आणि बायको एकच. एकीवरच भागवावं लागलं म्हणून दैव कोणाचं वाईट, त्यांचं की माझं, यावर आमच्या घरात पुष्कळ थट्टा चालायची. माझं माहेर देवळ्याचं, आई अहिराणी बोलणारी. दिवाळसणाला आम्ही दोघं गेलो, तर चहा यायच्या आत हे फडकं मागून अंगणात गाडी पुसायला बसले. आईने मला आत बोलावून सांगितलं, "तुना नवराना जीव गाडीमा शे. तू आपली संभाळीसन ऱ्हाय." मी सांभाळून राहिले, पण गप्प राहिले नाही. मी शाळेत शिकवायचे. पन्नास पोरांचा वर्ग आवरणारी बाई घरात एका माणसापुढे कशाला तोंड बंद ठेवेल?

हे सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. गाव दिंडोरी तालुक्यात, बोलणं शेवटपर्यंत गावचंच राहिलं. कारखान्यातले त्यांचे सगळे दोस्त गाडीवेडे. रविवारी आमच्या चाळीसमोर चार-पाच गाड्या लागायच्या, बादल्या भरल्या जायच्या आणि मग सकाळभर धुणं चालायचं. घरात स्वतःचा चहाचा कप न विसळणारे हे पुरुष दात घासायच्या जुन्या ब्रशने चाकाच्या तारा घासायचे. बोलणं सगळं जुन्या गाड्यांचं. गेलेल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचे. "ती कधी दुसरी किक मागायची नाय." "घाटात तिसरा गिअर टाकला की आपोआप गुणगुणायची." वीस वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीचा नंबर विचारा, झोपेतून उठून सांगतील. लग्नाची तारीख विचारा, तर एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.

त्यांचा एक नियम मात्र मला आवडायचा. दुसऱ्याच्या उभ्या गाडीला हात लावायचा नाही आणि विचारल्याशिवाय तिच्यावर बसायचं तर मुळीच नाही. आमच्या मुलाने लहानपणी एकदा शेजाऱ्याच्या गाडीवर चढून हँडल फिरवलं, तर ह्यांनी त्याला खाली उतरवून थोबाडीत दिली होती. तेवढीच एक. एरवी पोराला कधी बोट लावलं नाही.

पहिली गाडी जुनी घेतलेली, दोन स्ट्रोकची, निळी. धूर एवढा सोडायची की मागे बसून सासरी पोचले की माझ्या पदराला आठ दिवस वास. ती विकली त्या दिवशी ह्यांनी तिला धुतली, हार घातला आणि मला म्हणाले, हळदकुंकू लाव. मी म्हटलं, दही देऊ का हातावर? त्यांना थट्टा कळली नाही. डोळे भरलेले होते. पुढे दोन-तीन वर्षांनी आम्ही गावाला चाललो असताना तीच निळी गाडी दुधाचे कॅन लावून समोरून गेली. ह्यांनी आमची गाडी वळवली आणि त्या दूधवाल्याच्या मागे थेट त्याच्या वस्तीपर्यंत गेले. तो बिचारा घाबरला. हे उतरून म्हणाले, "दादा, हिचा चोक अर्धाच वढायचा. पुरा वढला तर हिला त्रास व्हतो." त्याने आम्हाला चहा पाजला. मी चहा प्यायले आणि घरी येईपर्यंत बोलले नाही.

दुसरी फार दिवस टिकली नाही. गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नदीकाठच्या, बुधवारच्या बाजारात आम्ही भाजी घ्यायला गेलो, पिशव्या घेऊन परत आलो तर जागा रिकामी. त्यानंतर कित्येक दिवस कारखाना सुटला की हे शहरातल्या गल्ल्या पायी फिरून लोकांच्या गाड्या बघत. जेवायला बसले की मध्येच म्हणायचे, "तिला आता कोण कसं चालवत असंल." गाडी चोरणाऱ्याबद्दल त्यांच्या मनात जी चीड होती, ती मी त्यांच्यात दुसऱ्या कोणाबद्दल पाहिली नाही. माणूस एरवी गाईसारखा.

आणि मग तिसरी. ही नवी कोरी घेतली, चार स्ट्रोकची, जांभळट लाल. माझ्यासाठी डाव्या बाजूला साडीगार्ड बसवून घेतला, त्याला पाय ठेवायची पट्टी होती. मी कधी दोन्हीकडे पाय टाकून बसले नाही. नऊवारी नेसणाऱ्या सासूबाईंसमोर तसं बसायची माझी छाती नव्हती आणि पुढे तीच सवय पडली. ह्या गाडीवर आम्ही सगळं केलं. देवीच्या गडावर जाऊन आलो, मुलाला तापात दवाखान्यात नेलं, माझ्या वडिलांच्या मातीला गेलो. देवळ्याच्या बाजारात ती उभी असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून कांद्याची गोणी तिच्यावर पडली आणि टाकीला डाव्या अंगाला मोठा पोचा पडला. मी म्हटलं, काढून घ्या. ते म्हणाले, "माहेरचा हाय तुझ्या, राहू दे." सिग्नलला थांबलं की त्यांचा अंगठा त्या पोच्यावर फिरत राहायचा. तेवढ्या जागेचा रंग उडून पत्रा गुळगुळीत झाला होता.

निवृत्तीनंतर तीन-चार वर्षांत ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी सगळे विसरतात तसंच. मग एकदा भाजीला गेलेले हे तीन तास आले नाहीत. शेवटी कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनचा फोन आला. साहेब शिफ्टला आलेत, म्हणाला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, फोटो काढले आणि त्या आजाराचं नाव सांगितलं. त्यावर औषध नाही, हेही तेवढ्याच सरळपणे सांगितलं. ओळख हळूहळू जाते, म्हणाले. आधी नवी माणसं, मग जुनी.

गंमत अशी, गंमतच म्हणायची, की गाडी ते उत्तम चालवत होते. सिग्नलला थांबत, वळताना हात दाखवत. फक्त कुठे जायचं ते चुकीचं असायचं. एका भर पावसाच्या दिवशी इगतपुरीच्या पुढच्या एका ढाब्यावरून फोन आला. खिशात मुलाने नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती म्हणून आला. पेट्रोल संपल्यावर गाडी ढकलत ढकलत ते ढाब्यापर्यंत पोचले होते. चपला कुठेतरी गेल्या होत्या. ढाब्यावरचा माणूस म्हणाला, "काकू, ते सारखे म्हणतायत, शिफ्टला उशीर झाला. लय भिजलेत हो." मी रिक्षावाल्याच्या हातापाया पडून तिथवर गेले. मला बघून ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या बाई, बसा." मी पावसात उभी होते म्हणून माझं रडणं कोणाला दिसलं नाही.

गाडी बंद करायची ठरली. मुलगा पुण्याला असतो, तो धावत आला. त्याने प्लग काढून खिशात टाकला आणि निर्धास्त झाला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीतून जुना प्लग शोधला, पॉलिशपेपरने घासला, बसवला आणि गाडी चालू केली. सकाळी मला 'तुम्ही कोणाकडे आलात' असं विचारणारा माणूस हा. मुलगा म्हणाला, विकून टाकू. मी नको म्हटलं. ती डोळ्यांसमोरून गेली तर हे तिला शोधत पायी निघतील, हे मला माहीत होतं. दुसऱ्या गाडीच्या वेळी मी ते पाहिलं होतं. शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने तोड काढली. चाळ सोडून आम्ही ज्या इमारतीत आलो होतो तिच्या पार्किंगमध्ये त्याने गाडी डबल स्टँडवर चढवली आणि चेन काढून टाकली. इंजिन बोलणार, गिअर पडणार, चाक मात्र जागचं हलणार नाही.

तेव्हापासून हे रोज सकाळी खाली येऊन गाडी चालवू लागले. टोपी घालायची, किक मारायची, पहिला टाकायचा आणि समोरच्या वीजमीटरच्या भिंतीकडे बघत निघायचं. वळणावर थोडे झुकायचे. मध्येच क्लच दाबून थांबायचे, मग पुन्हा निघायचे. "ट्रॅफिक लय वाढलं," असं कधी स्वतःशीच म्हणायचे. आपण जागेवरच आहोत हे त्यांना कळत होतं का, मला सांगता येणार नाही. थोड्या वेळाने इंजिन बंद करून उतरायचे, टाकीवर हात फिरवायचे आणि दमून वर यायचे. इमारतीत कुजबुज झाली. सेक्रेटरी धुराची तक्रार घेऊन आले. मी त्यांना दारातच म्हटलं, तुमच्या तीन गाड्यांचा धूर आम्ही नाकात अत्तर म्हणून घेतो का? ते परत आले नाहीत. मनातून मलाही लाज वाटत होती. येता-जाता पोरं हसायची. मी शेजारी काठीसारखी उभी असायचे, पडतील म्हणून.

एका सकाळी माझे गुडघे फार दुखत होते. उभं राहवेना, म्हणून मी सरळ मागच्या सीटवर टेकले. पाय आपोआप साडीगार्डच्या पट्टीवर गेले आणि हात आपोआप त्यांच्या उजव्या खांद्यावर.

त्यांनी मान किंचित वळवली आणि म्हणाले, "बसली का नीट? पदर घे आवरून."

गेलं वर्षभर मी त्यांच्यासाठी बाई होते, ताई होते, कधी नर्स होते. एकदा तर मला वीजबिलाची वसुली करणारी समजून त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. मी म्हटलं, "बसले."

"पोरगं कोणापाशी ठिवलं?"

"शेजारच्या वहिनींकडे."

"रडंल तो. लवकर येऊ."

आणि आम्ही निघालो. मी मागे बसून रडत होते, त्यांच्या शर्टावर माझे डोळे पुसत होते आणि ते मला रस्त्यातले खड्डे सांगत होते.

मी नंतर ह्याचा खूप विचार केला. मला वाटतं, त्यांच्या मनात बायको होती ती तिशीतली, काळ्या केसांची. समोर येणारी पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची म्हातारी ती नव्हे, हे त्यांचं अगदी बरोबर होतं. पण गाडीवर मागे बसलेल्या बायकोला तोंड नसतं. तिचं वजन असतं, खांद्यावर हात असतो, मागून येणारा आवाज असतो. ह्या तिन्ही गोष्टी माझ्याकडे शिल्लक होत्या. वजन तर थोडं जास्तच.

मग ते रोजचंच झालं. मी चांगली साडी नेसून खाली जायला लागले. हसा खुशाल. दिवसातली ती पाच-दहा मिनिटं मला नवरा मिळत होता, बाकी सगळा दिवस मी एका परक्या म्हाताऱ्याची सेवा करत होते. त्या मिनिटांत ते मला रागवायचे, थट्टा करायचे, सासूबाईंच्या तब्येतीचं विचारायचे. एकदा म्हणाले, "तू बोलत नाय तवा मला लय भ्या वाटतं." उभ्या आयुष्यात असं बोलले नव्हते. इंजिन बंद केलं, उतरले, माझ्याकडे वळून बघितलं की संपलं. पुन्हा "ताई, कोणाकडं आलात?" सुरू. म्हणून मी उतरायच्या आधी त्यांना पुढे चालू द्यायचे.

हे मी कोणाला सांगितलं नाही. मुलालाही नाही. पासष्टीच्या आईने जागच्या जागी उभ्या गाडीवर नवऱ्याच्या मागे बसून फिरायला जाणं, हे मुलाला फोनवर कोणत्या शब्दांत सांगतात? मला ते शब्द येत नव्हते.

मुलगा बापाच्या वळणावर गेलेला. पुण्यात त्याची मोठी, भारीतली मोटरसायकल आहे, शनिवार-रविवार घाटवाटा तुडवणारे मित्र आहेत. त्यांचं प्रेमही तसंच, फक्त बादली आणि टूथब्रश जाऊन महागडी रसायनं आली. गणपतीला तो घरी आला आणि पार्किंगमध्ये बाबांच्या गाडीपाशी बराच वेळ उभा राहिला. सीट फाटलेलं, सायलेन्सर गंजलेला, पोचा पडलेली ती टाकी. ह्याच गाडीवर तो शिकला होता. वर येऊन म्हणाला, "आई, मी हिला सर्व्हिसिंगला नेतो. दसऱ्याला पूजेपर्यंत आणून देतो. बाबांना किती आनंद होईल बघ."

मी म्हटलं, कशाला, आहे ती बरी आहे. तो म्हणाला, "अगं, भंगार झालीय ती. बाबांनी कधी अशी ठेवली असती का?" हे खरं होतं. ह्यांनी कधी ठेवली नसती. मला एकच भीती होती, ती मी बोलून दाखवली. म्हटलं, काहीही कर, पण चेन बसवू नको. त्याने शब्द दिला आणि तो शब्द त्याने पाळला.

गाडी टेंपोत चढून पुण्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे टोपी घालून खाली आले आणि रिकाम्या जागेसमोर उभे राहिले. फरशीवर तेलाचा डाग होता, त्याच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ताई, गाडी चोरीला गेली माझी." मी सांगितलं, सर्व्हिसिंगला गेली. त्यांना पटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा टोपी, पुन्हा तो डाग, पुन्हा चोरी. रोज नव्याने चोरी होत होती आणि रोज नव्याने त्यांचा चेहरा पडत होता. खाणं कमी झालं. एकदा मी जिन्यात त्यांना हाताने धरायला गेले, तर त्यांनी अंग चोरून घेतलं. परक्या बाईने धरलेलं त्यांना आवडलं नाही. मी दसऱ्याकडे डोळे लावून बसले होते, लहान मूल बसतं तशी.

दसऱ्याच्या सकाळी मुलगा त्याचे दोन मित्र घेऊन आला. टेंपोवरून गाडी उतरली. चेरीसारखी लाल. नवीन सीट, छोटं, उतरतं. सायलेन्सर चकचकीत. आरसे गोल. टाकी आरशासारखी गुळगुळीत, पोच्याची खूणसुद्धा नाही. साडीगार्ड नव्हता. मी विचारलं तर मित्र म्हणाला, "काकू, तो काढल्यावर लूक बघा ना कसा आलाय." त्यांनी जीव ओतून काम केलं होतं. प्रत्येक नट नवा. मुलाच्या नखांत अजून पॉलिशचा काळेपणा होता.

गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. सगळी इमारत गोळा झाली. मुलाने बापाचा हात धरून त्यांना खाली आणलं.

हे गाडीभोवती एक चक्कर मारून आले. हात मागे बांधलेले. म्हणाले, "छान ठिवलीय. कोणाची?"

"तुमचीच, बाबा."

"नाय नाय. माझी चोरीला गेली."

मुलगा हसला. "बाबा, नंबर बघा की."

त्यांनी वाकून नंबर वाचला. मोठ्याने, एकेक आकडा. मग ते सरळ झाले आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी पूर्ण शुद्धीतला राग पाहिला. त्यांनी पुढे होऊन मुलाची कॉलर धरली. "हा नंबर माझ्या गाडीचा हाय. तू तुझ्या गाडीला कसा लावला? कुठं इकली माझी गाडी? सांग." आणि त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्या इमारतीदेखत, दसऱ्याच्या दिवशी. मुलगा चाळिशीला आलेला. त्याने हात वर केला नाही, गालही धरला नाही. नुसतं "बाबा, मी आहे" म्हणत राहिला. शेवटी मी आणि इमारतीच्या वॉचमनने त्यांना सोडवलं.

दुपारी मी मुलाला सगळं सांगितलं. जे शब्द आधी सुचत नव्हते ते आता आपोआप आले. खांद्यावरचा हात, साडीगार्ड, पोरगं कोणापाशी ठेवलं. तो ऐकत गेला आणि मध्येच उठून बाथरूममध्ये गेला, नळ सोडून बसला. बाहेर आला तो थेट पुण्याच्या गॅरेजला फोन, जिथे गाडीचं काम केलं होतं. जुनं सीट, साडीगार्ड, काही आहे का? भंगारात गेलं होतं. तो पुण्याला जाऊन भंगारवाल्यांकडे फिरला, दोन दिवस फिरला. गाड्या चोरीला गेलेली माणसं फिरतात तसा. हाती काही लागलं नाही. परत आला त्या रात्री खालून ठणठण आवाज आला म्हणून मी गेले, तर तो हातोडी घेऊन टाकीच्या डाव्या अंगाला पोचा पाडत होता. मोबाइलमध्ये जुना फोटो उघडून समोर ठेवला होता, त्यात बघून एकेक घाव घालत होता. नव्या रंगाचे कपचे उडत होते. मी त्याच्या हातातली हातोडी घेतली. दसऱ्याच्या सकाळी मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि त्या क्षणी मला तो जगातला सगळ्यात बापडा माणूस वाटला. मी म्हटलं, राहू दे बाळा, तुझा काही गुन्हा नाही. तो म्हणाला, "आई, मला वाटलं, आपण त्यांचं प्रेम सांभाळतोय."

तो पुण्याला गेला. मी मात्र सोडलं नाही, हट्टीपणा जन्माचा. गाडीवर राख चोळली, रंग मळवला. सीटवर माझी जुनी साडी गुंडाळली. रोज सकाळी त्यांना टोपी घालून खाली न्यायचे. ते यायचे, लांब उभे राहायचे. एकदा त्यांचा अंगठा टाकीवर गेला, मुलाने पाडलेल्या पोच्यावर फिरला. त्या पोच्याच्या कडा धारदार होत्या. त्यांनी हात काढून घेतला आणि बोट चोखलं.

मग एके दिवशी मी स्वतःच आधी बसले. पाय ठेवायला पट्टी नव्हती, ते लोंबकळत होते. पडू नये म्हणून मी एका हाताने सीट धरलं आणि म्हटलं, "चला ना. बसा पुढे."

ते संकोचले. दुसऱ्याच्या गाडीवर कसं बसायचं, हा संकोच त्यांच्या सगळ्या अंगावर दिसत होता. म्हणाले, "नको ताई. उशीर झाला. आमची मंडळी घरी वाट बघत असंल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कशा आहेत हो त्या?"

ते जरा हसले. "तापट हाय. पण वाट बघती."

मी गाडीवरून उतरले. सावकाश, एकेक पाय टाकत. त्यांना घेऊन जिना चढले आणि कुलूप काढलं. ते माझ्या पुढे आत गेले. आधी पुढच्या खोलीत बघितलं, मग आतल्या. स्वयंपाकघरात डोकावले, गॅलरीत जाऊन आले. मग टोपी काढून खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "गेली वाटतं कुठंतरी."

मी म्हटलं, "येतील एवढ्यात." आणि चहा ठेवायला आत गेले.